गच्चीवरचा पॉप व्हिडिओ: एक सशास्त्र पद्धत

मास मीडियाच्या वर्गात पॉप गाण्याच्या व्हिडिओचा प्रकल्प मिळाला, की सर्वप्रथम ड्रोन कोणाकडे आहे याची चौकशी करावी. गाणे, गायक, कल्पना आणि प्रेक्षक या किरकोळ गोष्टी नंतर जमवता येतात. ड्रोनवाल्याला छायालेखक नेमावे, चांगल्या लॅपटॉपवाल्याला संकलक, स्कूटरवाल्याला निर्मिती-व्यवस्थापक. ज्याच्याकडे यांपैकी काहीच नाही तो दिग्दर्शक.

ड्रोन गटात आला म्हणजे तो उडेल असे मात्र नाही. २०२१ च्या नियमांनी देशाचे आकाश हिरव्या, पिवळ्या आणि लाल विभागांत वाटलेले आहे, २५० ग्रॅमहून जड ड्रोनला नोंदणी लागते, आणि पुण्यात राहणाऱ्याला लोहगावचा हवाई दलाचा तळ विसरून चालत नाही. किल्ल्यावर जावे तर पुरातत्त्व खात्याची परवानगी. परिणामी ड्रोन पिशवीत राहतो आणि चित्रीकरण कोणाच्या तरी गच्चीवर होते. पण 'एरियल शॉट्सचा विचार झाला होता' हे वाक्य अहवालात घालता येते, आणि ड्रोन गटात घेतलेला असतो तो त्यासाठीच.

गाणे शक्यतो गाजलेले निवडावे म्हणजे यूट्यूबची यंत्रणा ते काही मिनिटांत ओळखते आणि आपला व्हिडिओ निदान एका यंत्राने तरी पूर्ण ऐकला याचे समाधान मिळते. ज्यांना हे समाधान नको असेल त्यांनी फिरोदिया करंडकाच्या तालमींतून बाहेर पडलेला एखादा गिटारवाला गाठावा. त्याच्याकडे स्वतःची किमान पाच गाणी असतात आणि ऐकणारे कोणी नसते. गाणे मराठी असावे का, यावर गटात वाद होईल. मराठी पॉपला प्रेक्षक नाही असे कोणीतरी म्हणेलच. त्याला या शतकाच्या सुरुवातीचे 'ऐका दाजिबा' आठवते का ते विचारू नये, कारण तो तेव्हा जन्मलेलाही नसतो. त्याच्या मोठ्या बहिणीला विचारावे. तिला आठवत असेल, आणि तिने त्यावर हळदीला नाचूनही घेतलेले असेल.

आता मुख्य भाग, प्रेक्षक-संशोधन. गुणांच्या तक्त्यात त्याला स्वतंत्र रकाना असतो, म्हणून ते करावेच लागते. ते चित्रीकरणाच्या आधी करावे असा एक जुनाट समज आहे. अनुभवी विद्यार्थी ते चित्रीकरणानंतर करतात, कारण प्रेक्षकांना नेमके काय हवे आहे हे तेव्हा आपल्याला ठाऊक असते आणि निष्कर्ष फार अचूक येतात. गच्चीवर संध्याकाळी शूट झाले असेल, तर प्रश्नावलीत 'तुम्हाला संध्याकाळच्या प्रकाशातले व्हिडिओ आवडतात का?' असे विचारावे. नाही म्हणणारा माणूस या महाराष्ट्रात मिळणे कठीण.

प्रश्नावलीसाठी गूगल फॉर्म पुरे. त्यात वयाचे दोनच गट ठेवावेत, '१८ ते २१' आणि 'इतर'. फॉर्म आधी वर्गाच्या ग्रुपवर टाकावा. तिथे प्रत्येकाचा स्वतःचा फॉर्म फिरत असतो आणि 'मी तुझा भरतो, तू माझा भर' हा व्यवहार चोख चालतो. म्हणजे साठ जणांच्या वर्गात साठ अहवालांचा प्रेक्षकवर्ग तेच साठ जण असतात. नंतर फॉर्म घरच्या ग्रुपवर टाकावा. मावशी तो सुप्रभातच्या फुलाआधी भरून पाठवते. बारामतीचे काका 'इतर'पुढे ५८ लिहून आवडत्या प्रकारात के-पॉपवर खूण करतात, कारण तो पहिला पर्याय असतो. काकांना माहितीतून वगळू नये. त्यांच्या जोरावर 'के-पॉपचा प्रभाव ग्रामीण व ज्येष्ठ वर्गापर्यंत पोहोचल्याचे दिसते' असा परिच्छेद लिहिता येतो, आणि मग नायिकेच्या केसांना गुलाबी रंग लावण्यास शास्त्रीय आधार मिळतो.

शेवटी पाय चार्ट. त्यात एक फाक मोठी आणि तीन बारीक असाव्यात. चारही सारख्या आल्या तर संशोधन फसले असे समजून फॉर्म पुन्हा पाठवावा.

सैद्धांतिक बैठक म्हणून १९७२ चे मॅक्वेल, ब्लमलर आणि ब्राउन हे त्रिकूट हाताशी ठेवावे. माणसे टीव्ही का बघतात याची त्यांनी चार कारणे सांगितली: रोजच्या कटकटीतून सुटका, सोबत, स्वतःची ओळख पडताळणे आणि जगाची खबरबात. अहवालात ही चार कारणे चार ठळक ठिपके देऊन लिहावीत. या मंडळींनी ती शोधण्यासाठी टीव्हीवरचे प्रश्नमंजुषेसारखे कार्यक्रम बघणाऱ्या लोकांशी प्रत्यक्ष बोलून घेतले होते, हा तपशील वगळावा. तो वाचून परीक्षकाला भलत्या अपेक्षा निर्माण होतात.

इथे एक उपपद्धत नोंदवतो. तिला गुण नाहीत, म्हणून घाई असलेल्यांनी हा परिच्छेद सोडून पुढे जावे. कच्चे संकलन फोनवर घ्यायचे आणि तो फोन आपल्याला न ओळखणाऱ्या माणसाच्या हातात द्यायचा. मेसमध्ये शेजारी जेवणारा चालेल, झेरॉक्सवालाही चालेल. तो बघत असताना आपण व्हिडिओ बघायचा नाही, त्याचा अंगठा बघायचा. अंगठा ज्या सेकंदाला पडद्याकडे सरकतो तो सेकंद लिहून घ्यायचा. 'कसा वाटला?' असे विचारायचे नाही, कारण उत्तर 'भारी' हेच येणार. दुसरा प्रयोग आईवर करता येतो. १९९५ च्या अलिशा चिनॉयच्या 'मेड इन इंडिया'मध्ये काय होते, एवढेच तिला विचारा. दिग्दर्शन केन घोषचे होते हे तिला माहीत नसेल, दुसरा अंतरा आठवणार नाही, पण पेटीतून मिलिंद सोमण निघतो हे ती पोळी लाटता लाटता सांगेल. तीस वर्षांनंतर एवढेच शिल्लक राहते: एक माणूस, एक पेटी. तुमच्या गच्चीवरच्या व्हिडिओतून तीस वर्षे जाऊ द्या, तीस मिनिटांनी झेरॉक्सवाल्याला काय आठवते, हे विचारण्याची माझ्या मते कुठल्याही पाय चार्टपेक्षा जास्त गरज आहे. असो. गुण नाहीत.

प्रेक्षक निकाली निघाला, की प्रेरणा. प्रेरणा पिंटरेस्टवर मिळते. तिथून निऑन दिवे, धूर, लोकलच्या खिडकीशी बसलेली उदास मुलगी आणि पोलरॉइड फोटो उतरवून घ्यावेत आणि एका पानावर तिरपे चिकटवावेत. याला मूडबोर्ड म्हणतात. मूड कोणाचा, हा प्रश्न कोणी विचारत नाही.

प्रेरणेचे मराठी उदाहरण हवेच असेल तर दादासाहेब फाळक्यांचे द्यावे, पण जपून. १९१०-११ च्या सुमारास त्यांनी मुंबईत ख्रिस्तचरित्रावरचा चित्रपट पाहिला. पत्नीला, सरस्वतीबाईंना, घेऊन पुन्हा पाहिला. आजच्या पद्धतीने त्यांनी काम केले असते तर नाशकात गोदाकाठी दाढीवाला ख्रिस्त स्लो मोशनमध्ये चालला असता. फाळक्यांनी मात्र पडद्यावरचा ख्रिस्त तसाच राहू दिला आणि आपले राम-कृष्ण असे कधी दिसतील, एवढाच प्रश्न उचलला. मग भांडवलदाराला पटवण्यासाठी मूडबोर्ड न करता कुंडीत वाटाणा पेरला आणि त्याचा वेल कसा वाढतो ते थोडे थोडे टिपून चित्रपट करून दाखवला. पैसे मिळाले. १९१३ च्या 'राजा हरिश्चंद्र'साठी नायिका मिळेना, तेव्हा हॉटेलात काम करणाऱ्या अण्णा साळुंक्यांना तारामती केले. गटातली एकमेव मुलगी ऐन वेळी 'घरून परवानगी नाही' म्हणाली तर घाबरू नये, परंपरा आपल्या बाजूची आहे.

परदेशी उदाहरणे जास्त गुण देतात. १९६५ साली लंडनमधल्या सॅव्हॉय हॉटेलच्या मागच्या गल्लीत बॉब डिलन गाण्यातले शब्द लिहिलेले फलक एकेक करून टाकत उभा राहिला. कॅमेरा जागचा हलला नाही, डिलनने ओठही हलवले नाहीत. खर्च पुठ्ठ्याचा. २००६ साली ओके गो या बँडच्या चौघांनी आठ ट्रेडमिलवर नाच केला, तोही एका अखंड शॉटमध्ये. नृत्यदिग्दर्शन गायकाच्या बहिणीचे. पुढच्या वर्षी ग्रॅमी. आणि आपल्याकडे १९९८ मध्ये, दलेर मेहंदीची गाणी सुंदर मॉडेलांमुळे चालतात असे लोक म्हणू लागले, तेव्हा त्याने सगळ्या मॉडेल काढून टाकल्या आणि स्वतःच चार दलेर होऊन नाचला. पाठीमागे संगणकावर रंगवलेले डोंगर. जगभर लोक अजून तो नाच करतात.

हे सर्व वाचून विद्यार्थ्यांनी योग्य तो बोध घ्यावा, म्हणजे जवळच्या जिमवाल्याशी ट्रेडमिलचे बोलणे सुरू करावे.

ज्यांना पुस्तकाचे नाव टाकायचे आहे त्यांच्यासाठी अँड्र्यू गुडविन. १९९२ च्या पुस्तकात त्याने गाण्याचे शब्द आणि दृश्ये यांचे नाते तीन प्रकारांनी सांगितले: दृश्य शब्दांचे चित्र काढते, शब्दांत भर घालते किंवा शब्दांशी फटकून वागते. मराठी विद्यार्थी पहिल्या प्रकारात निष्णात आहे. गाण्यात पाऊस आला की बागेचा पाइप, मन आले की छातीवर हात, वाट आली की टेकडीवर पाठमोरे चालणे. दुसऱ्या प्रकाराला विचार लागतो, म्हणून तो वगळावा. तिसरा मात्र संकटकाळी देवासारखा धावून येतो. मेमरी कार्ड खराब झाले आणि अंतऱ्याचे निम्मे शॉट गेले, तर तिथे कबुतरांचे शॉट टाकावेत आणि अहवालात 'विसंगती' लिहून गुडविनचा आधार द्यावा. लॉरा मल्व्ही यांच्या १९७५ च्या पुरुषी नजरेवरच्या निबंधाचाही उल्लेख करावा, विशेषतः आपल्या नायिकेला कारण नसताना तीन वेळा केस उडवायला लावले असतील तर. उल्लेख 'व्यावसायिक उद्योगा'वर टीका म्हणून करावा.

आता चित्रीकरण. कॉल टाइम सकाळी ६ चा द्यावा, कारण कोवळा प्रकाश. मंडळी साडेनऊला जमतात, तेव्हा ऊन चेहऱ्यावर उभे पडलेले असते आणि डोळ्यांखाली खड्डे दिसतात. यावर उपाय थर्माकोल. पांढरा थर्माकोलचा ताव खालून धरला की चेहरा सुधारतो आणि धरणारा मित्र दिवसभर कोणाशी बोलत नाही.

तालाचा हिशोब शूटच्या आधी करावा, असे माझे प्रामाणिक मत आहे आणि यात विनोद नाही. गाण्याचा वेग मिनिटाला १२० ठोके आणि लांबी साडेतीन मिनिटे असेल, तर एकूण ठोके ४२०. प्रत्येक ठोक्याला कट करायचा हट्ट धरला तर ४२० शॉट लागतील, आणि एका रविवारात तेवढे घेतो म्हणणाऱ्या दिग्दर्शकाला जुन्या दंडसंहितेतले त्याच आकड्याचे कलम लावावे. शिवाय सेकंदाला २५ फ्रेम धरल्या तर एका ठोक्याला साडेबारा फ्रेम येतात, आणि अर्धी फ्रेम जगात कोणी विकत नाही. चार ठोक्यांचे एक आवर्तन धरून कट केला तर दर दोन सेकंदांनी एक, असे १०५ शॉट. तेही पुष्कळ आहेत. मुखड्याला कॅमेरा थोडा थांबू दिला तर ६०-७० मध्ये भागते आणि संकलक जिवंत राहतो.

स्लो मोशन हवेच असते. केस, धूर, हवेत उडालेला रंग. पण गायकाचे ओठ गाण्याबरोबर हलायला हवेत आणि हालचाल संथ दिसायला हवी, हे एकत्र जमवायचे तर युक्ती अशी: स्पीकरवर गाणे दुप्पट वेगाने वाजवायचे, गायकाने तेवढ्याच वेगाने ओठ हलवायचे, सेकंदाला ५० फ्रेम टिपायच्या आणि संकलनात २५ च्या वेगाने चालवायच्या. ओठ जुळतात, केस तरंगतात. गच्चीवर मात्र रविवारी सकाळी एक विरहगीत दुप्पट वेगाने, चिरक्या आवाजात पंधरा वेळा वाजते आणि एक मुलगा अत्यंत घाईघाईने दुःखी होताना दिसतो. खालच्या मजल्यावरच्या काकू वर येतात. पहिल्यांदा त्या सोसायटीचे नियम सांगतात. दुसऱ्यांदा पोहे घेऊन येतात आणि 'हा मुलगा एवढं भराभर का रडतोय?' असे विचारतात. दिग्दर्शकाने त्यांना फ्रेमबाहेर उभे करू नये. दिवसभरात व्हिडिओबद्दल विचारलेला तो एकमेव खरा प्रश्न असतो.

संकलनाबद्दल थोडक्यात: शनिवारी रात्री सुरू करू नका. रंग सगळीकडे निळा-केशरी करू नका, गच्चीवर सिनेमाघर उघडल्यासारखे दिसते.

तोंडी परीक्षेत 'तुमचा प्रेक्षक कोण?' हा प्रश्न हमखास येतो. '१८ ते २१ वयोगटातील शहरी तरुण' हे उत्तर पाठ असावे. ते चुकीचे नाही, पण त्या वयोगटातला एकही जण व्हिडिओ पूर्ण बघताना तुम्ही पाहिलेला नसतो. म्हणून फाइल जमा करण्याच्या आधी एक काम करा. श्रेयनामावलीत 'विशेष आभार' खाली पोहे आणणाऱ्या काकूंचे नाव घाला, त्या स्वतः लिहितात तसेच, विचारून घ्या. मग फोन त्यांच्या हातात द्या आणि बाजूला बसा. नाव शेवटी आहे हे आधी सांगू नका. त्यांनी कंटाळून फोन परत दिला, तर कितव्या सेकंदाला ते लिहून घ्या आणि तिथला शॉट बदला. सोमवारपर्यंत वेळ आहे.