एसी मात्र राहू दे

कोल्हापूरच्या उद्यमनगरात हिंडलात तर एखाद्या शेडमध्ये आतून पार सोललेली एस्टीम दिसेल, आणि तिच्याशेजारी दहा नंबरचा पाना हातात घेतलेले भाऊ. वय पंचेचाळिशीपुढे, घरची फौंड्री, पोरगं बारावीला. कोल्हापुरात माणसाला कसला तरी नाद असावाच लागतो. कुणाला तालमीचा, कुणाला पेठेच्या फुटबॉलचा, तसा भाऊंना रेसगाडीचा. गाडी पळणार कधी, हे विचारायचं नाही. सध्या आत काय ठेवायचं नि काय काढायचं यावर गाडं अडलंय. ते तसंच अडून राहावं अशी भाऊंची मनातून इच्छा असावी, असा मला दाट संशय आहे.

गाडी मात्र त्यांनी अक्कलहुशारीनं निवडली. मारुतीनं १९९४ साली आणलेली ही एस्टीम मुळातच नऊशे किलोच्या आत, इंजिन १२९८ सीसीचं, आणि चेन्नई-कोइम्बतूरच्या ट्रॅकवर तिनं वर्षानुवर्षं शर्यती गाजवलेल्या. इंजिनातून दहा घोडे जास्त काढायचे तर खिसा रिकामा होतो. वजन काढायला नुसता पाना पुरतो. हलकी गाडी उचल चांगली घेते, ब्रेकवर लवकर थांबते, वळणावर टायर खात नाही. इथपर्यंत भाऊंचं शास्त्र बिनचूक. वजन कुणाच्या वाटचं काढायचं, तिथं भानगड सुरू होते.

भाऊंची वाटणी सरळ आहे. दुसऱ्याला लागते ती चैन, आपल्याला लागते ती गरज. मागचं सीट पोरांचं, ते पहिल्या दिवशी गेलं. सीडी प्लेअर वहिनींचा, गेला. शेजारचं सीट निघालं तेव्हा वहिनी स्वतः शेडवर आल्या.

"अहो, मग मी कुठं बसू?"

"तू काय ट्रॅकवर येणार आहेस?"

"ट्रॅकवर कशाला? जोतिबाला कोण नेणार?"

भाऊंनी यावर फेरारी एफ-४० काढली. १९८७ सालची गाडी, त्या काळातली जगातल्या वेगवान गाड्यांतली एक. आत गालिचा नाही, रेडिओ नाही, दार आतून उघडायला हँडलऐवजी नुसती एक दोरी. "त्यांना परवडत नव्हतं होय?" वहिनींनी दाराच्या दोरीबद्दल ऐकून घेतलं आणि दुसऱ्या दिवसापासून मोपेड सुरू केली.

खरी मौज डांबराच्या पत्र्यांची. गाडीत आवाज येऊ नये म्हणून फरशीला डांबरी शीट चिकटवलेली असते. ती तापवून खरवडायला गेलं की हातपाय काळे होतात आणि शीट जागची हलत नाही. भाऊंनी आइस्क्रीमवाल्या वितरकाकडून कोरडा बर्फ मिळवला. उणे ७८ अंशांचा तो बर्फ फरशीवर पसरला, पांढरा धूर सगळ्या शेडभर झाला, शीट कडकडली, आणि मिस्त्रींनी हातोडीनं हलकेच टिचकी मारताच तिचे पापडासारखे तुकडे उडाले. घमेलं भरलं. भंगारवाल्याच्या काट्यावर ते आठ किलो भरलं तेव्हा भाऊंनी चहा सांगितला, तोही शेडमधल्या सगळ्यांना. इतके खूश ते पोराच्या बारशालाही नव्हते म्हणतात.

त्याच भरात त्यांनी हिटरसकट ब्लोअरही उपटला. "कोल्हापुरात हिटर कुणाला पाहिजे?" मिस्त्री शांतपणे विडी विझवत म्हणाले, "मालक, पावसात हेल्मेट घालून बसा की आत. दोन मिनिटांत काच धुकटते. म्होरचं दिसाय नको?" ब्लोअर निमूट परत बसला. फरशीचा गालिचाही असाच अंगाशी आला. खालून सायलेन्सरचा पाइप जातो, बूट तापतात; शेवटी टाचेखाली ॲल्युमिनियमचा पत्रा ठोकला. छताच्या कापडाबाबत मात्र दोघांचं एकमत. आग लागली तर ते पेटून अंगावर गळतं, म्हणून ते काढायचंच.

डाव्या दाराची काच गेली, तिथं पॉलिकार्बोनेटचा तुकडा आला. उजवी काच मात्र बटणावर वरखाली होणारी, मोटरसकट शाबूत. का? तर टोलनाक्यावर हात बाहेर काढायला.

"गाडी ट्रेलरवरनं जाणार, टोल कसला?" मिस्त्रींनी विचारलं. एवढा फेरबदल केलेली गाडी रस्त्यावर आणली तर मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आडवं येतं, हे त्यांना पाठ होतं.

"असावी. कधी काय प्रसंग येईल सांगता येतंय?"

आणि एसी. फेब्रुवारीत भाऊ गरजले होते, "एसी? आपण काय वरातीला चाललोय?" कॉम्प्रेसर, कंडेन्सर, पाइप मिळून पंधरा-वीस किलो जाणार म्हणून त्यांनी फळ्यावर खडूनं फुली मारली. मग मे आला. तीन पदरी आगरोधक सूट, आत बुरखा, वर हेल्मेट घालून भाऊ मोकळ्या मैदानावर सहा फेऱ्या मारून उतरले, ते थेट नळाखाली डोकं धरायलाच. संध्याकाळी परत फेरारी निघाली. तीच एफ-४०, तेच साल. "गालिचा नाही, रेडिओ नाही, पण एसी आहे, बघा!" जोडीला २०२३ ची कतारची फॉर्म्युला वन: तिथल्या उकाड्यात एका ड्रायव्हरला हेल्मेटमध्येच उलटी झाली, एकानं शर्यत अर्ध्यावर सोडली. "ड्रायव्हर थंड राहिला तर डोकं चालतं. ही चैन नव्हे, सेफ्टी आहे." फळ्यावरची फुली भाऊंनी स्वतःच्या बाहीनं पुसली. वहिनी तेव्हा डबा घेऊन आल्या होत्या. त्या काही बोलल्या नाहीत. फक्त फेरारीत शेजारी सीट असतं का, एवढंच विचारलं. असतं. भाऊंनी विषय बदलला.

राहता राहिला आईंचा गणपती. डॅशबोर्डवरचा, पितळी, दीडशे ग्रॅमचा. शर्यतीचे तपासनीस गाडीत सुटी वस्तू चालू देत नाहीत; धडकेत ती गोळीसारखी उडते. म्हणजे बाप्पाला बोल्ट मारणं आलं. मिस्त्रींनी ड्रिल खाली ठेवलं. "मूर्तीला भोक मी पाडणार न्हाई मालक, दुसरा माणूस बघा." मग स्टेनलेसचं खास मखर बनलं, चार बाजूंनी धरणारं, सहा मिलीमीटरच्या चार बोल्टांवर. वजन सहाशे ग्रॅम. एका एका वॉशरसाठी मिस्त्रींशी भांडणाऱ्या भाऊंनी ते काट्यावर ठेवलंच नाही. तपासणीच्या दिवशी तपासनीसानं मखर धरून दोनदा जोरात हिसडलं, बूट काढले, हात जोडले आणि कागदावर बरोबरची खूण केली. एसीजवळ आल्यावर मात्र त्यानं भाऊंकडे बराच वेळ पाहिलं.

"सेफ्टी," भाऊ म्हणाले.