वळच्या गोडाऊनातला पडदा

भिवंडी तालुक्यातल्या वळमध्ये भाताच्या खाचरांवर गाळे उगवले, त्याचं श्रेय मुंबईच्या जकातीला. माल पालिकेच्या हद्दीबाहेर ठेवला की जकातीचं पुढं बघता येई, म्हणून वळ, पूर्णा, राहनाळ, काल्हेर, मांकोली हा पट्टा पत्र्यांनी झाकला गेला. १ जुलै २०१७ ला जीएसटी आला, जकात गेली. गोडाऊनं मात्र वाढतच राहिली. आता शेडला 'लॉजिस्टिक पार्क' म्हणतात आणि मुकादमाच्या वहीच्या जोडीला पॉवरपॉइंट आलं आहे.

इथल्या थंडगार केबिनमधलं प्रेझेंटेशन पाहण्यासारखं असतं. ऐकण्यासारखं नसतं, कारण साहेब पडद्यावरचंच वाचतात, तेही समोरच्यांपेक्षा हळू. पहिल्या स्लाइडवर गणपती नाहीतर कंपनीचा लोगो. भक्तिभाव दोन्हीकडे सारखाच. मग 'आमची दृष्टी', 'आमचे ध्येय', गिरक्या घेत उतरणारी अक्षरं. नकाशावर हिरवा बाण भिवंडीहून मुंबईला एका क्लिकमध्ये पोहोचतो. खरा टेम्पो त्या वेळी मांकोली नाक्यावर इंजिन बंद करून उभा असतो. बाणाला खड्डे लागत नाहीत.

गंमत म्हणजे चित्रं दाखवून माणसं खिळवून ठेवण्याची विद्या दुर्गाडीच्या पुलापलीकडे, कल्याणात, १८९२ मध्येच अवतरली होती. महादेव गोपाळ पटवर्धन यांनी मुलांना हाताशी घेऊन 'शांबरिक खरोलिका' हा मॅजिक लँटर्नचा खेळ उभा केला. हातानं रंगवलेल्या काचा भराभर बदलल्या की पडद्यावरची पात्रं हलल्यासारखी वाटत. जोडीला निवेदन, गाणी आणि पुराणातल्या गोष्टी. एकेक काच रंगवायला किती खपावं लागत असेल याचा अंदाज केला, तर 'आमची दृष्टी' या विषयावर पटवर्धनांनी काच का वाया घालवली नाही ते कळतं.

कोकणातल्या पिंगुळी गावच्या चित्रकथींचंही तेच. पोथीतलं एकेक चित्र समोर धरायचं, गोष्ट तोंडी सांगायची. चित्रावर सात मुद्दे लिहून तेच वाचून दाखवले असते, तर गावानं बिदागीचा नारळही दिला नसता. याच परंपरेतल्या परशुराम गंगावणे यांना २०२१ ची पद्मश्री जाहीर झाली. टेम्पलेट वापरल्याबद्दल नव्हे.

पॉवरपॉइंट १९८७ मध्ये मॅकिंटॉशसाठी आलं. त्याच वर्षी मायक्रोसॉफ्टनं ते बनवणारी कंपनी १.४ कोटी डॉलरला घेतली. काच रंगवायचे कष्ट संपले आणि स्लाइड फुकट झाली. फुकटची वस्तू माणूस जपून वापरत नाही.

तिचा हिशेब कधीकधी फार कडू निघतो. जानेवारी २००३ मध्ये कोलंबिया यान अवकाशात असताना, त्यावर आदळलेल्या फोममुळे किती नुकसान झालं असेल याचा अंदाज बोईंगच्या अभियंत्यांनी नासापुढं स्लाइडवर मांडला. मथळा धीर देणारा होता. आदळलेला तुकडा सुमारे १९२० घनइंचांचा आणि चाचणीतला ३ घनइंचांचा, हे मात्र तळाच्या ओळीत दडलं होतं. १ फेब्रुवारीला यान कोसळलं आणि कल्पना चावलांसह सातही जण गेले. माहितीच्या मांडणीचे अभ्यासक एडवर्ड टफ्टी यांनी पुढं ती स्लाइड ओळीओळीनं उसवून दाखवली.

२००४ मध्ये जेफ बेझोस यांनी ॲमेझॉनच्या वरिष्ठांच्या बैठकांतून पॉवरपॉइंट हद्दपार केलं. सहा पानी टिपण आधी सगळ्यांनी गुपचूप वाचायचं, मग तोंड उघडायचं. याच ॲमेझॉनची गोडाऊनं भिवंडीत आहेत. शेजारधर्म म्हणून तरी ही चाल इकडे यायला हरकत नव्हती, पण सहा पानं लिहायची म्हणजे वाक्याला क्रियापद लागतं आणि कोण काय कधी करणार हे त्यातून बाहेर पडतं. एवढा धोका कोण पत्करणार?

इकडे शेवटची स्लाइड येते: हस्तांदोलनाचं चित्र, 'धन्यवाद', 'काही प्रश्न?' कोणालाच प्रश्न नसतात, कारण जेवण आलेलं असतं. मागून मुकादम तेवढा हात वर करतो. "साहेब, पावसात गाळ्यात पाणी शिरलं तर माल कुठं हलवायचा?"

साहेब खुलतात. त्यावर स्वतंत्र स्लाइड आहे, अठ्ठावन्नावी, 'जोखीम व्यवस्थापन'. मागं मागं जात ते ती शोधून काढतात. तिच्यावर छत्रीचं चित्र असतं.