फिट्टंफाट

जपानला निघालेल्या माणसाला सगळे भूकंपाची भीती घालतात. भाषेची घालतात, कच्च्या माशाची घालतात. तुम्ही शाकाहारी असाल तर "अहो, तिथे साध्या सुपाच्या पाण्यातसुद्धा मासा असतो" हे अशा आनंदाने सांगतात, की तो मासा त्यांनीच सोडला असावा. पण ज्या गोष्टीची खरी धास्ती घ्यायला हवी, ती कोणीच सांगत नाही. या देशात कोणाकडून काहीही घेण्याआधी दहादा विचार करावा, कारण घेतलेलं परत करावं लागतं. पैसे नव्हेत, पैसे परत करणं सोपं आहे. इथे संत्री परत करावी लागतात.

आम्ही राहतो ते निशी-कासाई म्हणजे टोकियोच्या एदोगावा वॉर्डातलं भारतीयांचं आगर. २००० सालच्या आसपास कॉम्प्युटरवाले इथे येऊ लागले आणि त्यांच्या मागोमाग तूरडाळ आली, शाळा आल्या, डोसा आला. २०१९ साली तर एदोगावाच्या वॉर्डसभेवर योगेंद्र पुराणिक निवडून आले. भारतात जन्मून जपानमध्ये निवडणूक जिंकणारे ते पहिलेच. "आता पाणी गेलं की मराठीत तक्रार करता येईल," असं आमच्या एका काकांनी उत्साहाने जाहीर केलं. इथे पाणी जात नाही, एवढीच त्यात अडचण होती.

सांगायचं असं, की इथे एकही जपानी मित्र न करता सुखाने जन्म काढता येतो. महाराष्ट्राची माणसं इतकी आहेत की भांडायलासुद्धा परक्या भाषेत जावं लागत नाही. पण मी डोंबिवलीची. डोंबिवलीच्या बाईला ओळखी काढल्याशिवाय अन्न पचत नाही. लेडीज डब्यात मटार सोलता सोलता मी दोन लग्नं जमलेली पाहिली आहेत, चालत्या गाडीत हळदीकुंकू केलं आहे. त्यामुळे इथल्या तोझाई लाइनची गर्दी पाहून मला माहेरी आल्यासारखं वाटलं. २०१९ साली किबा ते मोनझेन-नाकाचो या टप्प्यात ही गाडी सकाळी क्षमतेच्या १९९ टक्के भरत असे. आकडा डोंबिवलीला शोभणारा. फक्त त्या १९९ टक्क्यांतला एक टक्कासुद्धा तोंड उघडत नाही. ज्या बाईच्या पर्सचा बक्कल अर्धा तास माझ्या बरगडीत रुतला होता, तिचं नाव मला आजही माहीत नाही. डोंबिवलीत एव्हाना तिच्या नणंदेचं बाळंतपणसुद्धा मला ठाऊक झालं असतं.

मैत्री शेवटी सुरू झाली ती टॉवेलपासून. नव्या घरात राहायला गेलं की शेजाऱ्यांकडे छोटीशी भेट घेऊन जायचं, समोरची तीन घरं आणि आजूबाजूची दोन, अशी इथली जुनी रीत आहे. शहरात आता ती फारसं कोणी पाळत नाही; पण आम्हाला घर दाखवणाऱ्या गृहस्थांनी ती सांगितली आणि आम्ही नव्या सुनेसारखे सगळं ऐकायच्या मनःस्थितीत होतो. पातळ टॉवेल गुंडाळून दारोदार गेलो. दोनशे दोनच्या आजींनी दोन्ही हातांनी टॉवेल घेतला, आम्ही वाकलो, त्या वाकल्या, त्या अजून वाकल्या म्हणून आम्ही पुन्हा वाकलो. दार आधी कोणी लावायचं हे कोणालाच ठरवता येईना.

दुसऱ्या दिवशी आमच्या दाराच्या मुठीला संत्र्यांची पिशवी लटकत होती.

"किती प्रेमळ माणसं!" नवरा म्हणाला आणि सोलायला बसला. त्या क्षणी आमचं खातं उघडलं हे त्याला कळलं नाही.

परतभेटीला इथे ओकाएशी म्हणतात आणि तिचं शास्त्र आपल्या मानपानाला लाजवील असं आहे. लग्नाला गेलात तर मित्राने साधारण ३०,००० येनचं पाकीट द्यावं. आकडा विषम हवा, कारण सम आकड्याचे सारखे दोन भाग होतात आणि जोडप्याचे होऊ नयेत. नोटा कोऱ्या करकरीत हव्यात. हे मला चटकन पटलं. ५०१ मधल्या त्या एका रुपयाला मी लहानपणापासून ओळखते. पण अंत्यविधीच्या पाकिटात कोरी नोट चालत नाही. ती दिसली तर तुम्ही आधीपासूनच तयारीत बसला होतात, असा अर्थ निघतो. आणि प्रसंग सुखाचा असो की दुःखाचा, देणाऱ्याला साधारण निम्म्या किमतीचं काहीतरी परत जातंच. बाळाला झबलं द्या, त्याचे आईबाप तुम्हाला चहाची पाकिटं देतात. याशिवाय उन्हाळ्यात एकदा आणि वर्षाअखेरीस एकदा उपकारकर्त्यांना भेटी पाठवायच्या असतात. त्या हंगामात मोठमोठ्या दुकानांत सुंदर वेष्टनात काय ठेवलेलं असतं? खायच्या तेलाच्या बाटल्या! आपल्याकडे दिवाळीला कोणी गोडेतेल भेट दिलं तर तो टोमणा समजतील.

नवऱ्याने हे शास्त्र स्वतःच्या खिशातून शिकून घेतलं. इथे १४ फेब्रुवारीला बायका पुरुषांना चॉकलेट देतात, ऑफिसातल्या सहकाऱ्यांनासुद्धा, निव्वळ रीत म्हणून. आता ही रीत ओसरत चालली आहे, पण त्याच्या ऑफिसात ती तग धरून होती. त्या संध्याकाळी तो घरी आला तो तरंगतच. चॉकलेटं टेबलावर मांडली, पुन्हा मांडली, माझ्याकडे अर्थपूर्ण पाहिलं. मी काही बोलले नाही. मला १४ मार्च माहीत होता. त्या दिवशी पुरुषांनी परतभेट द्यायची असते, आणि ती तिप्पट किमतीची असावी असं बायका हसत हसत म्हणतात. १३ मार्चला रात्री तो हिशेब करत बसला आणि म्हणाला, "पुढच्या वर्षी त्या दिवशी मी रजा टाकतो."

रजा टाकण्यानेही सुटका होत नाही, कारण रजेवरून परतताना ऑफिससाठी खाऊ आणावा लागतो. होक्काइदोला गेलेला शिरोई कोइबितोची बिस्किटं आणतो, हिरोशिमाला गेलेला मेपलच्या पानाच्या आकाराचे केक आणतो. प्रत्येक नग वेगळा गुंडाळलेला आणि नग विभागातल्या डोक्यांइतके. मी माझ्या ऑफिससाठी डोंबिवलीहून अर्धा किलो बाकरवडी आणली. पाकीट टेबलावर ठेवलं आणि विभागात शांतता पसरली. खाऊ सुटा! एकाने किती घ्यावी? हाताने घ्यावी का? मोठी लहानी कशी ठरवावी? शेवटी सर्वांत ज्येष्ठ सहकाऱ्याने सूत्रं हाती घेतली. बाकरवड्या मोजल्या, माणसं मोजली, भागाकार केला आणि टिपकागदावर जोड्या लावून प्रत्येकाच्या टेबलावर पोचत्या केल्या. बाकी एक उरली. ती कोणीच खाईना. शेवटचा तुकडा उचलायचा नसतो, हे त्यांना त्यांच्या आयांनी शिकवलं होतं आणि मला माझ्या. ती बाकरवडी पार आठवडाअखेरपर्यंत बशीत एकटी बसून होती आणि येणारा जाणारा तिला अदबीने वळसा घालत होता.

अशा देशात नोव्हेंबरात माझी आई आली.

आल्या आल्या तिच्या लक्षात आलं की फ्रिजवर दोनशे दोनच्या आजींचा डबा पडून आहे. आजींनी त्यातून भोपळ्याची भाजी पाठवली होती. मी डबा स्वच्छ घासून, पुसून, उद्या परत द्यायचा म्हणून ठेवला होता.

"रिकामा?" आईने विचारलं.

"अगं आई, इथे परतभेट लगेच दिली की त्यांना अवघडल्यासारखं होतं. थोडे दिवस जाऊ द्यायचे, मग निम्म्या किमतीचं…"

"निम्म्या किमतीचं काय? शेजारणीचा डबा रिकामा पाठवायचा नाही आणि मोजूनमापून तर मुळीच पाठवायचा नाही. डाळ आहे का घरात?"

त्या डब्यातून पुरणपोळ्या गेल्या. मला धाकधूक होती. पण गोड डाळ पोटात भरलेला पदार्थ जपानी माणसाला काय नवीन! त्यांची निम्मी मिठाई गोड केलेल्या लाल चवळीसारख्या दाण्यांवर उभी आहे. पोळी कशी खायची हे आजींना सांगावं लागलं नाही. फक्त वरच्या तुपाकडे त्या जरा वेळ पाहत राहिल्या. चार दिवसांनी डबा परत आला, आत तीन पर्सिमन. आईने त्यात बेसनाचे लाडू भरले. मग मुळ्याचं लोणचं आलं, चकल्या गेल्या. भाताचे गोळे आले, थालीपीठ गेलं. भाषेची अडचण दोघींपैकी कोणालाच जाणवली नाही. आई मराठीत मोठ्याने बोलायची, आजी जपानीत हळू बोलायच्या आणि दोघी एकाच वेळी बोलायच्या, त्यामुळे दुभाष्याची गरजच नव्हती.

नवऱ्याने या व्यवहाराचं गणित मांडलं. दोघी जपानी असत्या तर शंभराच्या भेटीला पन्नास, पन्नासाला पंचवीस, पंचविसाला साडेबारा, असं करत चार फेऱ्यांत हिशेब संपला असता आणि दोघी सुटल्या असत्या. दोघी मराठी असत्या तर शंभराला दोनशे, दोनशेला चारशे. संक्रांतीपर्यंत एक घर बसलं असतं. पण एक दुप्पट देणारी आणि एक निम्मं परत करणारी समोरासमोर आल्या की हिशेब ना वाढत, ना संपत. "हे यंत्र बंद पडणं शक्य नाही," तो म्हणाला आणि सहावा लाडू उचलला.

डिसेंबरात एका रात्री घर जोरात हललं. कपाटातल्या बश्या वाजल्या. आई "अरे देवा" म्हणेपर्यंत आमचं दार कोणीतरी दणादण ठोठावत होतं. आजी! अंगावर जाडजूड कोट, हातात टॉर्च. दार उघडं ठेवा, हे त्या हातवाऱ्यांनी सांगत होत्या. चौकट वाकली की दार अडकतं, म्हणून इथे आधी बाहेरची वाट मोकळी ठेवतात. गॅस बंद आहे ना, तेही त्यांनी आत येऊन स्वतः पाहिलं. ज्या देशात मैत्रिणीला कॉफीला भेटायचं तर पंधरा दिवस आधी तारीख ठरते, तिथे ही बाई न विचारता आमच्या ओट्यापाशी पोचली होती. धक्के थांबले, त्या गेल्या.

"याची परतभेट काय द्यायची?" नवऱ्याने विचारलं. कोणालाच सुचलं नाही. आणि सुचायच्या आत, दुसऱ्या दिवशी सकाळी आजीच केकचा खोका घेऊन दारात उभ्या! एवढ्या रात्री आवाज करून त्रास दिला म्हणून माफी मागायला.

जानेवारीत आजींनी आईला देवदर्शनाला नेलं. असाकुसाजवळ माचुचियामा शोदेन नावाचं देऊळ आहे. तिथले देव कांगितेन म्हणजे आपले गणपतीबाप्पाच, भारतातून चीनमार्गे बौद्ध धर्माबरोबर आलेले. मूर्ती झाकलेली असते, दर्शन होत नाही. आणि नैवेद्य असतो मुळ्याचा. अख्ख्या, पांढऱ्याशुभ्र, हातभर लांब मुळ्याचा.

"गणपतीला मुळा?" आई पायरीवरच थांबली. "मोदक नाही?"

मोदकाचा एक तळलेला भाऊबंद क्योतोत मिळतो, असं मी सांगून पाहिलं. तिचं समाधान झालं नाही. पण देव तो देव. तिने मुळा वाहिला, अथर्वशीर्ष म्हटलं आणि निघाली. वाटेत देवळातल्या माणसाने तिच्या हातात एक मुळा दिला. वाहिलेले मुळे इथे भक्तांना वाटतात.

"बघ," मी म्हटलं, "इथे देवसुद्धा परतभेट देतो."

"ती परतभेट नाही, प्रसाद आहे," आई म्हणाली. त्या मुळ्याचं तिने संध्याकाळी पीठ पेरून भाजी केली आणि निम्मी दोनशे दोनला पाठवली.

व्हिसा संपत आला. निघायच्या आदल्या दिवशी मी मनाशी ठरवलं होतं की आता सगळे डबे जिकडचे तिकडे करायचे आणि फिट्टंफाट करून टाकायची. आईने मुद्दाम उकडीचे मोदक केले, आजींचा शेवटचा डबा काठोकाठ भरला आणि आम्ही दोघी देऊन आलो. वहीत दोन्ही बाजू कोऱ्या झाल्या. मला फार हलकं वाटलं.

तासाभराने बेल वाजली. आजींनी कागदात गुंडाळलेली काचेची बरणी आणली होती. आत त्यांनी स्वतः खारवून उन्हात वाळवलेल्या उमेच्या फळांचं लोणचं, उमेबोशी. वर्षानुवर्षं टिकतं, त्यांनी सांगितलं. बरणी जुनी होती, जड होती आणि त्यांच्या सासूची होती, हेही सांगितलं. मग खाली वाकल्या आणि उठताना माझ्या आईकडे बघून अशा काही हसल्या, की या बाईला निम्म्यादुप्पटीचं गणित आमच्या आधीपासून येत असावं, असा मला दाट संशय आला.

"आई, ही बरणी मी इथेच रिकामी करून परत देईन," मी म्हटलं.

"सासूची बरणी रिकामी परत देतेस?" आईने ती बॅगेत साड्यांच्या घडीत नीट बसवली. "मे महिन्यात कैऱ्या येतील. लोणचं मुरायला महिना-दीड महिना धर. मी जुलैत घेऊन येते."

नवरा दारात उभा राहून ऐकत होता. "म्हणजे आई जुलैत पुन्हा येणार? तीन महिने?"

गणितात तो पहिल्यापासूनच हुशार.