मास्तर म्हणतील ती पूर्व दिशा

हल्लीच्या खेळाडूंना कृतज्ञता म्हणून नाही. 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' हा पात्रं वठवायचा खेळ खेळायला बसतात आणि आपल्या पात्राने काय करायचं ते चक्क स्वतःच ठरवू लागतात! डंजन मास्टर, म्हणजे आमचे मास्तर, रात्री जागून कथा रचतात, शेवटचा संवादसुद्धा पाठ करून येतात, ते काय यांच्या मर्जीने चालायला?

परवा चोर झालेली मुलगी म्हणाली, "पुलावर राक्षस आहे ना, मग आम्ही नावेने जातो."

"नाव नाही."

"पोहून जातो."

"मगरी आहेत."

"मग मागे फिरतो."

मागे धुकं होतं. धुक्यातून बाहेर पडले तर समोर तोच पूल, राक्षसही तोच. रेलरोडिंग, म्हणजे मास्तरांच्या रुळांवरूनच चालवणं, म्हणून नाकं मुरडत का होईना, लढले बिचारे. एकाच्या वीस बाजूंच्या फाशावर चक्क वीस पडले, म्हणजे सर्वात जबर फटका! मास्तरांनी पुठ्ठ्याच्या आडोशामागे आपला फासा टाकला, त्याकडे बराच वेळ पाहिलं आणि जाहीर केलं, "ओरखडा आला." राक्षस मारण्याचा मान मास्तरांच्या लाडक्या जादूगाराचा होता. तो आला, राक्षसाशी पाऊण तास तात्त्विक वाद घातला आणि मग त्याला मारलं. दोघांचेही संवाद मास्तरच म्हणत होते. खेळाडूंनी तेवढ्यात सामोसे संपवले.

या शिस्तीला परंपरा आहे. डेव्ह आर्नेसन यांच्यासोबत १९७४ साली हा खेळ काढणाऱ्या गॅरी गायगॅक्स यांनी १९७९च्या मास्तरांसाठीच्या पुस्तकात त्रासदायक खेळाडूंवर उपाय लिहून ठेवलेत: अवचित झडप घालणारी ममी, डोक्यावर आभाळातून निळी वीज, नाहीतर पात्राच्या करिश्म्यातला एक गुण कायमचा कापणे. याच खेळासाठीच्या १९८४च्या 'ड्रॅगनलान्स' या साहसमालिकेने तर मरणाचाही बंदोबस्त केला. महत्त्वाचं पात्र मेलंच तर मृतदेह सापडू द्यायचा नाही, म्हणजे पुढच्या भागात ते हजर! त्याच वर्षी त्याच कथेची कादंबरीही दुकानात आली. पुढे काय होणार ते आधी वाचून मग खेळायचं, केवढी सोय!

तरी कुरकुर चालूच. गेल्या शनिवारी निषेध म्हणून कुणी फिरकलंच नाही. मास्तरांनी खेळ ठरल्या वेळी सुरू केला. रात्री साडेअकराला ग्रुपवर निरोप आला: आजचा भाग अप्रतिम रंगला, सर्वांनी उत्तम साथ दिली, चोर शहीद झाली, सामोशांचे प्रत्येकी साठ रुपये पाठवावेत.