भिंतीला टेकलेले कमोड : बसवणे, सांभाळणे व सहन करणे

भिंतीला टेकलेले कमोड दोन जातींचे असते. पहिली जात जमिनीवर उभी राहून भिंतीला पाठ लावते. दुसरी जमिनीला शिवतच नाही. भिंतीतून अधांतरी बाहेर येते आणि खालून झाडू फिरवायला जागा सोडते. दोन्हींची टाकी बहुधा भिंतीच्या पोटात असते. ही पोटातली टाकी स्वित्झर्लंडच्या गेबेरिट कंपनीने १९६४ मध्ये आणली. कोथरूडमधल्या एका जुन्या सोसायटीच्या तिसऱ्या मजल्यावर पोहोचायला तिला त्यानंतर जवळजवळ साठ वर्षे लागली.

त्या मजल्यावर बँकेतून निवृत्त झालेले एक काका राहतात. प्रस्तुत मार्गदर्शन सर्वांसाठी आहे, पण ते लिहिण्याची वेळ काकांनी आणली. काकांना वस्तू दिसलेल्या खपत नाहीत. वायरी, पाइप, गॅसची नळी, काकूंच्या बरण्या, सगळे काही दाराआड हवे. टाकीसुद्धा भिंतीआड जाते असे कळले, त्याच आठवड्यात त्यांनी संडासाचे काम काढले.

नियम पहिला : भिंतीची कुवत पाहावी. अधांतरी कमोडाचा भार टाइल्स पेलत नाहीत. टाइल्सच्या मागे उभी केलेली लोखंडी चौकट पेलते. भिंत जाड आणि भरीव असेल तर चौकट तिच्यात ठोकता येते. चार इंची भिंत असेल तर चौकटीचे पाय खाली स्लॅबमध्येच घट्ट बसवावे लागतात. चांगल्या चौकटी ४०० किलोंच्या भारासाठी तपासलेल्या असतात. काकांचे वजन ६८ किलो. तरीही पहिले आठ दिवस ते निम्मा भार स्वतःच्या पायांवर घेऊन बसत होते, आणि नवव्या दिवशी गुडघ्यांसाठी डॉक्टरांकडे गेले.

नियम दुसरा : उंची तयार फरशीपासून मोजावी. बऱ्याच चौकटींवर एक मीटरची खूण छापलेली असते. ती फरशी बसल्यानंतरच्या जमिनीपासून धरायची असते, उघड्या कोब्यापासून नव्हे. काकांनी टेप स्वतः धरला आणि कोब्यापासून धरला. मग फरशी आली, तिच्याखाली माल आला, जमीन दोन इंचांनी वर आली आणि कमोड तेवढेच बुटके झाले. गुडघ्यांचे दुसरे कारण हे. डॉक्टरांना ते सांगितलेले नाही.

नियम तिसरा : जुने भोक कुठे आहे ते आधी बघावे. जुन्या इमारतींत मैल्याचा पाइप बहुधा जमिनीतून वर येतो आणि त्यावर ‘एस’ ट्रॅपचे कमोड बसते. अधांतरी कमोडाला ‘पी’ ट्रॅप लागतो, म्हणजे मागे भिंतीत जाणारी वाट. ट्रॅप म्हणजे पाइपाचे ते वळण, ज्यात नेहमी थोडे पाणी अडून राहते आणि खालचा वास वर येऊ देत नाही. लंडनचा घड्याळजी अलेक्झांडर कमिंग याने १७७५ मध्ये या वळणाच्या शौचकूपाचे पेटंट घेतले. काकांनी ही माहिती प्लंबरला दिली. प्लंबरने ती शांतपणे ऐकून घेतली आणि चार इंची पाइप कापायला घेतला.

इथे प्लंबरविषयी दोन शब्द. तो ओडिशातल्या केंद्रपाडा जिल्ह्याचा. देशभरातल्या शहरांत नळाची कामे करणारे कितीतरी हात त्या एका जिल्ह्यातून येतात. तिथल्या पट्टामुंडईत प्लंबिंग शिकवणारी सरकारी संस्थाही आहे. हा मात्र मामाच्या हाताखाली शिकला. पाइपाला उतार किती द्यायचा, असे काकांनी परीक्षकाच्या आवाजात विचारले, तेव्हा त्याने लेव्हलची पट्टी पाइपावर ठेवली आणि बुडबुडा दाखवला. उत्तर पाठ हवे असणाऱ्यांसाठी : चाळीसाला एक, म्हणजे मीटरमागे अडीच सेंटिमीटर.

नियम चौथा : कमोड आणि चौकट एकाच दिवशी, एकाच दुकानातून घ्यावी. कमोड ज्यांवर लटकते त्या दोन बोल्टांमधले अंतर १८० मिलिमीटर असते किंवा २३०, आणि ते दोन्हींत जुळावे लागते.

नियम पाचवा, आणि हा लाल शाईने लिहावा : टाइल्स लावण्याआधी टाकी भरावी, रात्रभर तशीच ठेवावी, सकाळी दहा वेळा फ्लश करावे आणि प्रत्येक सांध्यावरून कोरडा कागद फिरवावा. कागद ओला झाला तर भांडण तेव्हाच करावे, कारण नंतरचे भांडण हातोडा-छन्नीने करावे लागते. मग उघड्या भिंतीवर टेप लावून फोटो काढावा. पाइप कोपऱ्यापासून किती इंचांवर, टाकीची कड कुठे, हे सगळे त्यात दिसले पाहिजे. काकांनीही फोटो काढला. त्यात काका आहेत, प्लंबर आहे, दोघेही हसत आहेत, आणि त्यांच्या मागे संपूर्ण पाइप झाकला गेला आहे.

नियम सहावा : बोल्ट आवळताना पहिलवानी करू नये. कमोड आणि टाइल यांच्यामध्ये फोमची पट्टी घालावी, नट आलटून पालटून थोडे थोडे फिरवावेत आणि कडेने सिलिकॉन भरावे. जमिनीवर उभ्या राहणाऱ्या जातीत सिलिकॉन मागच्या बाजूला बोटभर सोडून द्यावे, म्हणजे गळती झाल्यास पाणी बाहेर येऊन चुगली करते. पांढऱ्या सिमेंटने सगळे लिंपून टाकण्याची आपल्याकडे फार हौस. पुढे ते कमोड काढायचे म्हटले की फोडूनच काढावे लागते.

आता सांभाळण्याविषयी. भिंतीआडच्या टाकीत शिरायची वाट एकच : फ्लशच्या दोन बटणांची पट्टी. लहान बटणाला थोडे पाणी, मोठ्याला जास्त. दोन मापांचा हा फ्लश ऑस्ट्रेलियात १९८० मध्ये कॅरोमा कंपनीच्या ब्रूस थॉम्पसन यांनी तयार केला. आपल्याकडे पाहुणे दोन्ही बटणे एकदम दाबतात. पट्टी काढली की हात जाईल एवढी खिडकी मिळते. आत पाणी बंद करायचा कॉक, बॉलकॉकचा आधुनिक वंशज आणि मधोमध फ्लशचा व्हॉल्व्ह. उन्हाळ्यात टँकरचे आणि बोअरचे पाणी आले की व्हॉल्व्हच्या वायसरवर क्षार बसतो आणि कमोडात पाण्याची बारीक धार अखंड लागते. धार डोळ्यांना दिसत नसेल तर टाकीत जिलबीचा रंग टाकावा. फ्लश न करता अर्ध्या तासात कमोडातले पाणी केशरी झाले तर वायसर दोषी. वायसर काढून कोमट पाण्यात लिंबूसत्त्व घालून भिजवावा, ब्रशने हलके घासावा. त्याला अॅसिड दाखवू नये. टाकीत क्लोरीनच्या वड्या सोडू नयेत. रबर कडक होते.

हे सगळे दहा मिनिटांचे काम. काकांकडे त्याला दोन दिवस लागले.

कारण बऱ्याचशा पट्ट्या वर सरकवल्या की निघतात, काकांची तशीच होती, आणि काकांनी बरोबर तिच्या डोक्यावर, बोटही जाणार नाही इतक्या जवळ, ग्रॅनाइटचा कट्टा बसवून घेतला होता. मासिके ठेवायला. प्लंबर कमरेवर हात ठेवून बराच वेळ बघत राहिला. “काका, मशीन तो अंदर है, हाथ किधर से डालेगा?”

“अरे बाबा, काहीतरी युक्ती असेल ना!”

“अहो, युक्ती तुम्हीच केलीत,” काकू स्वयंपाकघरातून म्हणाल्या.

कट्टा फुटला. वायसर बदलला, तो हाताच्या तळव्याहून लहान होता. काकांनी त्या दिवशी पहिल्यांदा टाकीच्या आत डोकावून पाहिले, आणि नंतर प्लंबर चहा पीत असताना फ्लोट वर-खाली करत किती वेळ तिथेच उभे राहिले. “छान केलंय हो,” ते म्हणाले. कोणाला, ते स्पष्ट झाले नाही.

शेवटचा नियम काकूंचा. पट्टी परत लावण्याआधी तिच्या मागच्या बाजूला, न पुसणाऱ्या पेनाने, टाकीचे मॉडेल, वायसर बदलल्याची तारीख आणि प्लंबरचा नंबर लिहावा. काकांनी तोच नंबर स्वयंपाकघरातल्या कालनिर्णयवर लिहून ठेवला होता. ते कालनिर्णय जानेवारीत रद्दीत गेले. पट्टीमागचा नंबर अजून आहे.