खिडकीची यथासांग पूजा

पश्चिमेकडचा फ्लॅट विकताना बिल्डर सूर्यास्ताचे वेगळे पैसे घेतो. 'सनसेट व्ह्यू' या नावाखाली ते निमूट भरायचे आणि एप्रिल लागला की दुपारी तीनपासून पडदे ओढून, दिवे लावून, त्याच सूर्यास्ताकडे पाठ करून बसायचं. पुण्यात असं करणारी मोठी जमात आहे. आम्ही त्यातलेच. आमच्या हॉलला या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत सरकती काच आहे. तिच्यातून दिसणारी टेकडी आम्ही फक्त पावसाळ्यात बघतो.

दक्षिणेच्या खिडकीचं बरं असतं. मेच्या मध्यावर पुण्यात भर दुपारी सूर्य थेट डोक्यावर येतो, तेव्हा दीड-दोन फुटांचा छज्जाही तिला सांभाळून घेतो. पश्चिमेला सूर्य छज्ज्याखालून वाकून आत डोकावतो, आणि सात वाजेपर्यंत हलत नाही. काच त्याला अडवत नाहीच. उलट त्या उन्हाने तापलेल्या सोफ्याची आणि फरशीची धग ती बाहेरही जाऊ देत नाही. आतून जाड पडदा लावला तर पडदा तापतो, आणि तो असतो घरातच. मग एसी. मग बिल. तीनशे युनिटांची वेस ओलांडली की पुढच्या युनिटाचा दर असा काही उडी मारतो की नवरा बिल दोनदा वाचतो. एकदा चष्मा लावून, एकदा काढून.

अशाच एका बिलानंतर दुहेरी काचवाले गृहस्थ नमुन्यांची पेटी घेऊन आले.

"दोन काचांच्या मध्ये आपण आरगॉन भरतो, मॅडम."

"गॅस?" सासूबाई स्वयंपाकघरातून बाहेर आल्या. "संपला की नंबर लावायचा का?"

"नाही आजी, तो आतच राहतो. पेटतसुद्धा नाही."

"मग काय उपयोग त्याचा?"

उपयोग असा, की आरगॉन साध्या हवेपेक्षा उष्णता कमी वाहून नेतो. शिवाय काचेच्या आतल्या अंगाला चांदीचा थर असतो, असं त्यांनी सांगितलं मात्र, सासूबाई खुर्ची ओढून बसल्याच. "मोडीत किती येईल?" थराची जाडी केसाच्या हजारो पट कमी असते हे कळल्यावर त्या पुन्हा आमटीकडे गेल्या.

मग प्रात्यक्षिक. गृहस्थांनी आमच्या सरकत्या खिडकीच्या फटीशी पेटती उदबत्ती धरायला सांगितली. खिडकी घट्ट बंद होती, तरी धूर आडवा होऊन आत वळला. ज्या फटीतून वारा येतो तिथूनच धूळ, गरमी आणि खालच्या चौकातले हॉर्न येतात. दोन काचा लावा नाहीतर चार, फ्रेम गळकी असेल तर सगळं पाण्यात. ही गोष्ट मात्र त्यांनी प्रामाणिकपणे सांगितली, कारण फ्रेमही तेच विकत होते.

पुढे त्यांनी नमुन्याच्या काचेसमोर धरायला ज्योत मागितली. घरात लायटर सापडेना, म्हणून देवघरातलं निरांजन आलं. काचेत एकामागे एक चार ज्योती दिसल्या, प्रत्येक काचेच्या दोन पृष्ठभागांच्या दोन. त्यातली एक किंचित वेगळ्या रंगाची होती. ती चांदीची खूण. तेवढ्यात शेजारच्या काकू साखर मागायला आल्या, आम्ही सगळे खिडकीच्या तुकड्यासमोर निरांजन धरून उभे आहोत हे बघून त्यांनी हात जोडले. धूप झाला, दीप झाला. नैवेद्य तेवढा ॲडव्हान्सच्या चेकचा राहिला होता.

आकडा ऐकून नवऱ्याने पाणी मागितलं. मग स्वस्तातला पर्याय पुढे आला: चांदी नाही, आरगॉन नाही, साध्याच दोन काचा. "यू-व्हॅल्यू पावणेसहाची पावणेतीन होते साहेब, थेट निम्मी!" नवरा हरखला. पण हा आकडा आत-बाहेरच्या तापमानातल्या फरकामुळे जाणाऱ्या उष्णतेचा. बाहेर उणे दहा आणि आत वीस अशा देशात तो सोन्यासारखा. आमचं दुखणं ऊन आहे, त्याचा आकडा वेगळा, एसएचजीसी. साधी एकेरी काच उन्हातली ८० टक्क्यांहून जास्त उष्णता आत घेते. साध्या दुहेरी काचेतूनही ७० टक्क्यांच्या आसपास येतेच. ऊन अडवणाऱ्या चांदीच्या थराची चांगली काच हे प्रमाण ३० टक्क्यांच्या आत आणते. म्हणजे पैसे द्यायचेच तर चांदीला द्यावेत. म्युनिकच्या दिराच्या घरी तिहेरी काचा आहेत, तरी उन्हाळ्यात तो खिडकीची झडप बाहेरून खाली ओढतो. ऊन काचेपर्यंत पोचूच न देणं, हे शहाणपण आपल्या वाळ्याच्या ताट्यांनाही होतं.

शेवटी बेडरूमला चांदीची दुहेरी काच बसवली, सरकती नव्हे, उघडझाप करणारी, कडेला रबर असलेली. हॉलला बाहेरून बांबूची चिक. चिकेवर सोसायटीच्या सेक्रेटरींनी हरकत घेतली, "एलेव्हेशन बिघडतं." त्याच एलेव्हेशनवर एसीची गळती युनिटं, डिशच्या छत्र्या आणि सेक्रेटरींचा स्वतःचा पट्ट्यापट्ट्यांचा टॉवेल आहे. चिक राहिली. सासूबाई दुपारी हॉलमध्ये शाल न घेता झोपतात, कारण एसी पूर्वीसारखा १८ वर लावावा लागत नाही.

तुम्हीही काच बदलायला निघाला असाल, तर आधी पश्चिमेची बदला. उत्तरेच्या खिडकीत फारसं ऊन येत नाही, तिच्यावर पैसे घालू नका. वरच्या मजल्यावर राहत असाल तर त्यापेक्षा गच्चीला पांढरा रंग द्या. आणि माल घरी आला की कारागिरांना चहा देण्याआधी निरांजन लावून ज्योती मोजा. चार हव्यात, आणि त्यातली एक वेगळ्या रंगाची.