एका माणसात किती थर?

गोधडीवाली मावशी माणसाच्या तोंडाकडे बघून बोलत नाही. समोर बाई असेल तर पदराकडे बघते, पुरुष असेल तर सदऱ्याच्या बाहीकडे. मला आधी वाटायचं, बिचारी बुजते. मग एकदा नाशिकरोडच्या रिक्षाची वाट बघत उभे असताना तिनं माझ्या बाहीचं टोक दोन बोटांत धरून चुरलं आणि अगदी जिव्हाळ्यानं विचारलं, "दादा, हा अजून किती दिवस घालू राहिले?" माझ्या भविष्याची इतक्या आपुलकीनं चौकशी सासुरवाडीनंही कधी केली नव्हती.

एकलहऱ्याच्या वीज केंद्राची आमची वसाहत घ्या, नाहीतर शेजारची सामनगाव, हिंगणवेढे ही गावं घ्या. अशी एक मावशी प्रत्येक ठिकाणी आहे. नाव निराळं, नजर तीच. तुम्ही तिला साहेब, शेजारी, गिऱ्हाईक असे दिसतच नाही. तुम्ही तिला थरांत दिसता.

पूर्वी असं नव्हतं. लोक आपणहून गाठोडं घेऊन तिच्या ओसरीवर यायचे. घरोघरी एक आजी नऊवारी नेसायची, ते पातळ धुऊन धुऊन सायीसारखं मऊ व्हायचं आणि मग मावशीकडे यायचं. कापड गिऱ्हाइकाचं, दोरा गिऱ्हाइकाचा, मावशीची नुसती मजुरी. कापडाचा भाव काय, हे तिला ठाऊक असायचं कारणच नव्हतं. आता त्या आज्या गेल्या. सुना पॉलिस्टर नेसतात आणि नाती लेगिंग्ज घालतात. लेगिंग्जचीही गोधडी मावशीनं शिवून बघितलीय. रात्री ती अंगावर राहत नाही, आखडून पायथ्याशी जाऊन बसते.

म्हणजे जुनं सुती मिळेना आणि नवं घ्यायचं तर दुकानात जावं लागतं. तिथं मावशीचं गणित सुरू होतं. ती शाळेत चौथीपर्यंत गेली, पण हे गणित तोंडपाठ आहे. एका माणसाची गोधडी पाच फूट बाय सात फूट. सहावारी साडीत तिचे दोन थर निघतात, नऊवारीत तीन, तेही जोड देऊन. सहा थरांची बऱ्यापैकी गोधडी करायची तर दोन नऊवारी हव्यात. तेवढीच नव्या मांजरपाटाची करायची, पन्हा छत्तीस इंची धरायचा, तर एकवीस मीटर कापड लागतं. हा एकवीसचा आकडा ती उच्चारते तेव्हा तिचा आवाज, देवाची आळंदी किती लांब हे सांगणाऱ्या थकलेल्या वारकऱ्यासारखा होतो. नाशिकच्या कापडपेठेत जाऊन मीटरचा भाव विचारते, न घेता परत येते आणि आठवड्यानं पुन्हा जाते. दरम्यान भाव उतरला असेल अशी तिला आशा असते. दुकानदाराला तिच्याबद्दल तशीच काही आशा असावी.

"कापूस उतरला तरी कापड का उतरत नाही?" हा तिचा आवडता सवाल. तिचा भाऊ चाळीसगावकडे कापूस लावतो, त्यामुळे तिला दोन्ही बाजू कळतात आणि दोन्ही बाजूंचा त्रास होतो. २०२२ च्या उन्हाळ्यात रुईची खंडी, म्हणजे ३५६ किलो, लाखाच्या वर गेली आणि भावाच्या कापसाला क्विंटलला दहा हजारांच्या पुढं दर मिळाला, तेव्हा तो पुढच्या भाऊबीजेला मोठी ओवाळणी घालून गेला. तीच ओवाळणी घेऊन मावशी मांजरपाट आणायला गेली आणि रिकामी पिशवी घेऊन आली. भावाला भाव मिळाला की बहिणीचा जीव जातो! मग २०२५ च्या ऑगस्टमध्ये सरकारनं बाहेरून येणाऱ्या कापसावरचा अकरा टक्के आयातकर उठवला. भावानं फोनवर सरकारला शिव्या दिल्या. मावशीनं हूं हूं करत ऐकून घेतलं आणि फोन ठेवल्या ठेवल्या कापडपेठ गाठली. भाव तोच.

या सगळ्यावर तिनं जो उपाय काढला त्यानं आमची वसाहत हैराण आहे. बाजारातलं कापड आपल्या हातात नाही, तर लोकांच्या कपाटातलं तरी हातात ठेवावं, असं तिनं ठरवलं. कुणाची सेवानिवृत्ती कधी, हे कार्यालयाच्या आधी तिला माहीत असतं. निरोप समारंभात शाल-श्रीफळ चालू असताना ही मागं उभी. माणूस क्वार्टर सोडणार, सामान आवरणार, जुन्या चादरी निघणार. "साहेबांनी लई वर्षं सेवा केली," असं ती डोळे पुसत म्हणते तेव्हा तिच्या मनात साहेबांची खिडक्यांच्या पडद्यांसकट बेरीज झालेली असते. गणवेशाचं जाड कापड मात्र तिला चालत नाही. सुई वाकते.

लग्नाला जाते ती आहेरासाठी. आपल्याकडे टॉवेल-टोपी आणि ब्लाऊजपीस ही वस्तू वापरायची नसते, पुढं ढकलायची असते, हे सगळ्यांना ठाऊक आहे. एकच ब्लाऊजपीस घडी न मोडता तीन बारशी, दोन डोहाळजेवणं आणि एक वास्तुशांत करून मूळ मालकिणीकडे परत आल्याची उदाहरणं आमच्या वसाहतीत आहेत. मावशी ही साखळी तोडते. तिच्या हातात गेलेला ब्लाऊजपीस पुन्हा कुणाच्या ओटीत पडत नाही. तो गोधडीच्या किनारीला लागतो. तो ऐंशी सेंटीमीटर आहे असं दुकानदार सांगतो. मावशी तो वितीनं मोजते आणि दुकानदाराच्या घराण्याबद्दल काहीतरी पुटपुटते.

तिची खरी दुष्मन म्हणजे बोहारीण. दुपारी तीनच्या सुमारास टोपलीतल्या भांड्यांचा आवाज आला की मावशी हातातला टाका अर्धवट टाकून निघते. मी हा सामना एकदा आमच्याच ओट्यावर बघितला. एका बाजूला बोहारीण स्टीलचं पातेलं उन्हात चमकवतेय, दुसऱ्या बाजूला मावशी, हात रिकामे. मध्ये माझी बायको, तिच्या मांडीवर माझ्या आईची दोन मालेगावी सुती पातळं. बोहारणीनं पातेल्यावर झाकण ठेवलं. मावशी गप्प. बोहारणीनं झाकणावर चहाची गाळणी ठेवली. मावशीनं फक्त एका पातळाच्या काठावरून हात फिरवला आणि म्हणाली, "ताई, सासूबाई हेच नेसून नळावर यायच्या ना? पातेल्यात काय, आमटी शिजल." बायकोनं पातळं मागं ओढली. बोहारीण उठली, पण जाताना गाळणीच्या बदल्यात तीन जुने शर्ट घेऊन गेली. त्यातला एक तो होता, ज्याची बाही मावशीनं रिक्षाच्या थांब्यावर बुक केली होती. आठ दिवस ती माझ्याशी बोलली नाही.

थंडी पडली की तिचा मोसम. शेजारच्या निफाडला कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रात पारा किती उतरला, हे पेपरात आलं की मुंबई-पुण्याहून फोन सुरू होतात. "मावशी, हाताची हवी हं, मशीनची नको, आणि प्युअर कॉटन." भाव सांगितला की तीच माणसं म्हणतात, "जुन्या कपड्यांची तर असते, एवढे कशाला?" मावशी वाद घालत नाही. "चार थरांची करते," म्हणते. ती थराला थर विकते, पण टाका स्वस्त करत नाही. काठापासून मध्याकडे येणाऱ्या ओळी तशाच, बोटभर अंतरानं. चार थरांतही त्या सरळ असतात, हे बघायला मात्र गिऱ्हाइकाला वेळ नसतो.

माझी एक भाची अमेरिकेत असते. तिकडे बायका दुकानातून नवं कोरं सुती कापड आणतात, त्याचे लहान लहान तुकडे करतात आणि ते पुन्हा जोडून गोधडी शिवतात, छंद म्हणून, आणि कापड महागलं म्हणून त्याही रडतात. मी हे मावशीला सांगितलं. तिनं सुई थांबवली. "नवं कापड? फाडून? परत जोडतात?" बराच वेळ विचार केला आणि म्हणाली, "मग त्यांच्या कातरणीचं काय करतात, ते इचारा."

गेल्या महिन्यात आमच्याकडे सत्यनारायण होता. बायकोनं सेलमधून 'प्युअर कॉटन' म्हणून आणलेली नवी साडी नेसली होती. मावशी तीर्थप्रसादाला आली, बायकोच्या शेजारी टेकली आणि बोलता बोलता पदराच्या टोकाचा एक दोरा ओढून घेतला. बायको हां हां करेपर्यंत तो निरांजनावर धरला. सुती असता तर कागदासारखा भुरुभुरु जळून चिमूटभर राख पडली असती. हा आक्रसला, वितळला आणि टोकाला काळी, कडक गोळी झाली. मावशीनं ती गोळी चौरंगाच्या कडेवर टिच्चून ठेवली, पंचनाम्यातल्या पुराव्यासारखी. जमलेल्या बायकांनी आपापले पदर आवरून घेतले.

बायको भलतीच फणकारली. ओणवी झाली आणि तिनं मावशीच्या पदराचा एक दोरा टचकन तोडून निरांजनावर धरला. गोळी! अगदी तशीच, जरा मोठीच.

सगळ्या हसल्या. मावशीनं शांतपणे प्रसादाचा द्रोण उचलला.

"मंग?" ती म्हणाली. "सुती नेसून झिजवायला मी काय येडी हाये?"